ओट्यावरचं नेट

शेजारची सून रेश्मा दुपारी आमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसते, कारण गल्लीत रेंज इथंच धड येते. मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडून ती ऑफिसचं काम करते. आज काम पाठवायच्या आतच नेट संपलं. पोर रडकुंडीला आली.

"कुणी खाल्लं गं एवढं?" मी विचारलं.

"या लॅपटॉपनंच, काका. याला वाटतं घरचं वायफाय आहे, म्हणून मागच्या मागं स्वतःचे अपडेट ओढत बसतो. हे मोबाईलचं नेट आहे, बेतानं घे, असं सांगून ठेवावं लागतं. मी विसरले."

मी फार शिकलेला नाही, पण हे कळलं. घरचंच आहे, संपतंय कुठं, असं माणसालाही वाटतं. बायकोचा चहा, तिची हाक, तिची कटकट, सगळं मी असंच घेत आलो. बेतानं घे म्हणून कुणी सांगितलं असतं, तरी काय केलं असतं? मोजून मापून संसार होतो होय?

बायको गेल्यापासून तिचा फोन मी नेटचं रिचार्ज मारून चालू ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाही. तो आतून आणून रेश्माला दिला.

"काकूंचा? नको, काका."

"घे मुकाट्यानं. ती असती तर एव्हाना माझ्यावर ओरडली असती."

लॅपटॉपवर नेटच्या यादीत बायकोचं नाव उमटलं. रेश्मानं काम पाठवलं आणि मग लॅपटॉपला बेतानं घ्यायची ताकीद द्यायला लागली.

मी म्हटलं, "राहू दे गं. घेऊ दे त्याला पोटभर."