शिवेवर सोडलेलं पिल्लू

गोव्यातल्या मोप्याच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, तेव्हा विमानं उतरत नव्हती, गुरं चरत होती. नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण त्या सड्यावरून चालत निघालो. आधी इब्रामपूर, मग नदी ओलांडून डिचोली तालुका आणि शेवटी शिरगाव, तिचं माहेर. दोघी पेडण्यात एकाच कचेरीत नोकरीला होतो. वर्षभर खुर्ची उबवायची आणि वर्षातून एकदा पाय मोडेस्तोवर चालायचं, हा आमचा नेम.

इब्रामपुरात ओळखीच्या घरी रात्र काढून सकाळी निघालो, तर गावाच्या शिवेवर राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी फुटका नारळ, मूठभर भात आणि शेजारी कुत्र्याचं एक पिल्लू. अंगात हाडांशिवाय काही नाही आणि कपाळावर कुंकवाचा हा मोठा टिळा. घरात दुखणंखुपणं असलं की आमच्याकडे नारळ, कधी कोंबडं ओवाळून शिवेपार सोडतात. पीडा त्याच्याबरोबर जाते म्हणतात. इथे कुणा दीडशहाण्याने जितं पिल्लू ओवाळलं होतं. मी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेला उंडा पाव पाण्यात भिजवून त्याच्यासमोर धरला. ते माझी बोटंही खायला निघालं.

बाजूला मिरचीला पाणी घालणारी बाई ओरडली, “बाय, शिवेर सोडलेलां परत गावात हाडू नको हां!”

“नाही हाडत, पुढे नेते,” म्हटलं आणि पिल्लू ओढणीत बांधलं. मला राग आला की माझे पाय भराभर चालतात. मैत्रीण मागून धापा टाकत म्हणाली, “अगो, पण नेतलंस खंय?” प्रश्न बरोबर होता. माझी खोली भाड्याची, मालकिणीला मांजरसुद्धा खपत नसे. तिच्या माहेरी वहिनीला कुत्र्याचं वावडं. शिरगावला पोचेपर्यंत घर मिळालं नाही, तर पिल्लू रस्त्यावर आणि रस्त्यावर खनिजाचे ट्रक. मी मनाशी ठरवलं, घर मिळेपर्यंत हे खाली ठेवायचं नाही.

नदीवर मैत्रिणीने त्याचं कपाळ खसाखसा धुतलं. “आता कोणाक कळूचां नाय,” ती म्हणाली. टिळा गेला, पण माझं तोंड जागेवरच होतं. पलीकडच्या पहिल्याच वाड्यावर एका म्हाताऱ्या बागायतदाराने पिल्लू उचलून घेतलं, करवंटीत दूध घातलं, “राखणीक बरो आसा,” म्हणाला आणि मग विचारलं, “खंय गावलो?” कुठे सापडलं ते मी खरं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पिल्लू हलकेच माझ्या हातात देऊन त्याने वर केळ्यांची फणी दिली. “ही व्हर, बाय. पण ह्याका न्हय.” पुढच्या दोन घरांत केळीही मिळाली नाहीत.

मैत्रीण वैतागली. “वाटेर गावलां म्हण मगे! हरिश्चंद्र जाऊची कित्या गरज?”

“आज खोटं सांगून देईन,” मी म्हटलं, “उद्या त्या घरात कुणी तापाने फणफणलं आणि खरं कानावर गेलं, तर? हे पुन्हा शिवेवर.” उन्हाने डोकं तापलं होतं, टाचेला फोड आला होता आणि ओढणी ओली झाली होती. कशाने ते सांगायला नको.

शिरगाव जवळ आलं तशी धूळ लाल झाली. मैत्रीण हळूच म्हणाली, “देवळाकडे दवरूया. कोण तरी खावंक घालतलो.”

“म्हणजे पुन्हा सोडायचंच ना?”

मग तिनेच ओढणी माझ्याकडून घेतली.

रस्त्याकडेला खोल्यांची एक रांग होती. सिंधुदुर्गातून आलेले ट्रक ड्रायव्हर तिथे बिऱ्हाड करून राहायचे. एक बाई नवऱ्याचे कपडे धूत होती, बालदीतलं पाणी खनिजाच्या धुळीने लालभडक. तिने पिल्लाकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला, “खंय गावलां?” मी एका दमात सगळं सांगून टाकलं, नारळ, भात, टिळा, आणि नकाराची वाट पाहत उभी राहिले.

“शिव ओलांडून इलां तां,” ती कपडे पिळत म्हणाली. “आमी तरी कशी इलंव?”

हात पुसून तिने आतून नारळ आणला. देवापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं आमच्याकडे पुरुषच घालतात. तिचा नवरा ट्रिपवर होता, ती त्याच्यासाठी थांबली नाही. पदर डोक्यावर घेऊन तिने हात जोडले.

“बा शिवेच्या राखण्या म्हाराजा! कोणी काय पीडा ह्या मुक्या जिवार घातली आसात, ती हयच्या हय निवार. परमुलखातली आमी तुझ्या आसऱ्याक रवलंव, तसां ह्याकाय रवांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दिवसभर कुरकुरणारी माझी मैत्रीण गाऱ्हाण्याला साथ देत इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतून दोघीजणी बाहेर आल्या. मला रडू आलं होतं.

बाईने नारळ फोडला आणि पिल्लाच्या कपाळावर, जिथे टिळा होता तिथेच, पाणी शिंपडलं. मग मैत्रिणीच्या हातातून पिल्लासकट ओढणी सोडवून घेत तिने मला विचारलं, “भात खातां मां?”