बाबांचे प्रवासाचे नियम आणि गाडगंभर बासी

देवीवर माझा विश्वास होता, पण खरं सांगायचं तर बाबांच्या नियमांवर त्याहून जास्त होता. बाबा रेल्वेत गँगमन. सगळं आयुष्य रुळांवर गेलेलं, त्यामुळे प्रवासातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असा त्यांचा पक्का समज. भिलाईचा कारखाना बांधायला घेतला तेव्हा माझे यजमान तिथे कामाला लागले आणि कॅम्प-१ मध्ये खोली मिळताच त्यांनी मला बोलावून घेतलं. दीड वर्षाच्या मुलीला घेऊन तुमसरहून एकटीनेच जायचं होतं. बाबांनी तिकीट माझ्या पदराच्या टोकाला बांधलं, तांब्या भरून दिला आणि बजावलं, "लेकरू आधी, गठुडं मागून. कोनाच्या हातचं खायाचं नाही. कोनाले काही पुसायचं नाही, एकटी बाई पाहून लोक फसवतेत." मला तेव्हा वाचता येत नव्हतं. म्हणून दुर्गपर्यंत जितकी ठेसनं, तितक्या गाठी त्यांनी एका सुतळीला मारून दिल्या. गाडी थांबली की एक गाठ सोडायची. सगळ्या सुटल्या की दुर्ग आलं. तिथे यजमान उभे असणार होते.

मी मोठ्या ऐटीत निघाले. डोंगरगडला खिडकीतून टेकडीवरच्या बमलाई देवीला हात जोडले, पण अर्धं लक्ष सुतळीकडेच होतं. राजनांदगाव मागे पडल्यावर गाडी मध्येच माळावर थांबली. कारखान्यापायी तिकडे नवे रूळ टाकणं चाललं होतं. मला काय ठाऊक! मी एक गाठ सोडून मोकळी झाले. शेजारच्या म्हातारीला विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारायचं नाही ना! शेवटची गाठ सुटली तिथे मी उतरले. गाडी निघून गेली आणि बघते तर एवढंसं ठेसन, गिट्टीचे म्हणजे खडीचे ढीग आणि वैशाखाचं ऊन. दुर्ग अजून एक ठेसन पुढे होतं आणि दुसरी गाडी थेट संध्याकाळी.

तांब्या रिकामा झाला होता, ठेसनातला रांजणही कोरडा. मुलीला सकाळपासून उलट्या होत होत्या. अंगावर घेतलं तर ती तोंड लावेना. आधी रडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. कडुनिंबाखाली तिला मांडीवर घेऊन बसले तेव्हा तिची मान सैल पडली होती. मला देवीचा भयंकर राग आला. सगळे नियम पाळले, तुला हातही जोडले, आता अजून काय हवं होतं तुला, असं मी मनातल्या मनात भांडले. आणि मग भांडायचंही बळ राहिलं नाही. तुझं लेकरू आहे, तूच बघ, एवढं म्हणून मी डोळे मिटले.

डोळे उघडले तर समोर एक बाई उभी. गिट्टी भरणाऱ्या रेजांपैकी, म्हणजे मजूर बायांपैकी, माझ्याच वयाची असावी. हात धुळीने पांढरे, आणि हातात मातीचं गाडगं. त्यात बासी होती, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. वरचं पाणी तिने ओंजळीत घेतलं.

"नोनी ला पिया दे, बहिनी. नून डारे हंव," ती म्हणाली. मीठ घातलंय, पोरीला पाज.

मी मुलीला मागे ओढलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते. परक्या बाईच्या, कोण कुठल्या जातीच्या हातचं कसं पाजायचं, हा विचार त्या घडीलाही माझ्या मनात आला. ती रागावली नाही. ओंजळ तशीच धरून वाट बघत राहिली. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं. ते गळणारं पाणी बघवेना, म्हणून मीच तिचा हात धरून मुलीच्या ओठांशी नेला.

घोट घोट करत तिने पाजलं. पदर भिजवून मुलीचं अंग पुसलं. उरलेली बासी मला खाऊ घातली. मी अधाशासारखी खाल्ली. घटकाभराने मुलीने टाहो फोडला. त्या रडण्याइतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मग त्या बाईने गिट्टीच्या ट्रकवाल्याला सांगून आम्हाला कॅम्पापर्यंत बसवून दिलं आणि पाटी उचलून उन्हात परत कामाला गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

यजमान दुर्गहून धावतपळत आले. "कावून वं, कुठं राहिली होतीस? माह्या जिवाचं पानी झालं!" मुलीला छातीशी धरून ते रडले. मी त्यांना म्हटलं, बमलाई भेटली होती.

तसं मी बरीच वर्षं सांगत राहिले. पुढे कॅम्पात शेजारी एक रेजा राहायला आली. तिच्याशी गट्टी जमली आणि तेव्हा कळलं, की या बाया पहाटे घरून एकच गाडगं बासी घेऊन निघतात. दिवसभराचं जेवण तेवढंच. म्हणजे ठेसनावरची ती बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशीपोटी गिट्टी वाहत होती.

तेव्हापासून देवीपुढे नैवेद्य ठेवते तेव्हा मी काही मागत नाही. जेवलीस का गं, एवढंच विचारते.