रंगवलेल्या फोटोतली फांदी

नागपूरहून निघताना आईने एकच गोष्ट बजावली होती, "सुजाताला घेऊनच ये." माझी धाकटी बहीण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला एकटी राहत होती. तिच्या नवऱ्याला, मिलिंदला, जाऊन वर्ष होत आलं होतं. मी जन्मभर शाळा चालवलेली; मला सांगायची सवय, ऐकायची नाही. म्हणून आईने मलाच धाडलं.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा आभाळ मळकट होतं आणि परतेपर्यंत ते तसंच राहिलं. सुजाता गाडी घेऊन न्यायला आली होती. तिच्या अपार्टमेंटच्या दाराशी मिलिंदचे बूट अजून ठेवलेले होते. तो चिप डिझाइन करणारा इंजिनियर. एका सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना कोसळला तो उठलाच नाही. फ्रिजमध्ये दही आणि फ्रोझन पराठे, बस्स. मी नागपूरचा विषय काढला की ती म्हणे, "ताई, आज नको ना. खूप टायर्ड आहे गं."

शनिवारी मात्र ती लवकर उठली आणि मला ट्रेनने सॅन होजेला घेऊन गेली. तिथे एक म्हाताऱ्या जपानी बाई तिला इकेबाना (फुलं मांडण्याची जपानी कला) शिकवत. सुजाता त्यांना सेन्सेई (गुरुजी) म्हणायची. त्यांनी हिरवा चहा आणि मोची दिली. मोची म्हणजे तांदळाची चिकट उकड, आत पुरणासारखं सारण. मला आवडली, पण दाताला फार चिकटली.

त्यांच्या भिंतीवर जुने फोटो होते. प्रत्येकात एक फुलदाणी, एखादी वाकडी फांदी, एक-दोन फुलं, आणि बाकी सगळी रिकामी जागा. मुळात काळे-पांढरे, पण कुणीतरी बारीक ब्रशने हाताने रंगवलेले. लाल रंग कुठे कुठे पाकळीबाहेर गेलेला. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्याने आईचे ओठ असेच गुलाबी केले होते, ते आठवलं.

"इतके जुने फोटो टिकले कसे?" मी विचारलं.

"दुसऱ्या महायुद्धात इथल्या सरकारने आम्हा जपानी लोकांना घरं सोडायला लावून छावणीत कोंडलं," सेन्सेई म्हणाल्या. "शेजारणीने पेटी माळ्यावर ठेवली. बाकीचं काही परत मिळालं नाही."

एका फोटोसमोर सुजाता थांबली. काळपट फांदीवर कॅमेलियाची दोन लाल फुलं, एक उमललेलं, एक खाली झुकलेलं. "मिलिंद मला घ्यायला यायचा ना, तेव्हा याच्यासमोर उभा राहायचा. म्हणायचा, हे एकदा खरंखुरं कर आणि आपल्या बुद्धमूर्तीपुढे ठेव. मी प्रॉमिस केलं होतं. राहूनच गेलं."

ते ती पुढच्या शनिवारी करणार होती. त्या दिवशी मिलिंदचा वर्षाचा स्मृतिदिन होता.

त्या सकाळी सेन्सेईंच्या घरी त्या दोघी आत फुलदाणी निवडत होत्या. मी रिकामी कशी बसू? परसात कॅमेलियाचं झाड होतं, फुलं मोजकीच. एका फांदीला दोरी बांधलेली दिसली. मला वाटलं, घ्यायची फुलं यांनी खूण करून ठेवलीत. आपल्याकडे वंदनेला फूल खुडतात तसं मी त्या फांदीवरचं एकेक फूल देठ मोडून खुडलं आणि थाळीत छान मांडून आत नेलं.

सुजाताच्या हातात कात्री होती. तिने थाळीकडे पाहिलं, मग खिडकीतून झाडाकडे. दोरी बांधलेली ती फांदी फोटोतल्यासारखीच वळलेली होती. त्या दोघी हिवाळाभर तिची फुलं उमलायची वाट पाहत होत्या.

"अगं, वंदनेला म्हणून..." मी म्हणाले.

ती खाली बसली आणि रडू लागली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. मग डोळे पुसत म्हणाली, "ताई, मी येणार नाही. तिकडे आले तर मी जन्मभर सगळ्यांची बिचारी. तुम्ही मला जपाल, माहितेय गं. पण इथे मिलिंद गेला ती जागा आहे, सेन्सेई आहेत, हा शनिवार आहे. मला इथून तोडून नेऊ नकोस."

मला राग आला, मग लाज वाटली, आणि आईला काय सांगायचं ते कळेना. सेन्सेईंनी ती फांदी कापून आणली आणि फुलांवाचून, नुसत्या पानांसकट उभी केली. संध्याकाळी सनीव्हेलला मूर्तीपुढे तीच फांदी होती, खाली माझी थाळी. आम्ही वंदना म्हटली. सुजाताचा आवाज मध्येच बंद पडला, उरलेली मी एकटीने पुरी केली.

विमानतळावर तिने कागदात गुंडाळलेला कॅमेलियाचा तो फोटो माझ्या हातात दिला. "सेन्सेईंनी मला दिलाय. आईकडे राहू दे."

नागपूरला दार उघडल्यावर आईने माझ्या मागे पाहिलं. मग मला आत घेतलं. मी सगळं सांगितलं, थाळीचंही. तिने फोटो चष्म्याजवळ धरून खूप वेळ पाहिला. "बरं," एवढंच म्हणाली आणि जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही.

सकाळी नेहमीसारखी ती परडी घेऊन अंगणात गेली. फोटो तिने मूर्तीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. परत आली तेव्हा परडी रिकामी होती. हातात जास्वंदीची लांब डहाळी, तिच्यावर एकच फूल. ती तिने स्टीलच्या पेल्यात पाणी घालून फोटोपुढे उभी केली.

"देठ राहू दिलाय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तिला फोनवर सांग."