यादीत नसलेले वीरगळ

गेल्या शनिवारी कोरेगावजवळच्या एका गावातून शाळेच्या बाईंचा फोन आला. देवळाच्या नव्या सभामंडपासाठी उद्या भराव टाकणार आहेत आणि जुने वीरगळ ट्रॉलीत भरलेत, म्हणाल्या... रविवारी उजाडताच विश्रामबागेतल्या घरून गाडी काढली.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. आमचं इतिहास मंडळ म्हणजे सात-आठ हौशी माणसं, सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून असल्या गोष्टींची नोंद करतो. या गावातली नोंद मीच केली होती आणि फोटोंची यादी लॅमिनेट करून देवळात लावली होती.

रस्ताभर मी गावावर चिडत होते. लोकांना कशाची किंमत म्हणून नाही वगैरे... भाषण अगदी तयार होतं.

पोचले तर यादीतले नऊ वीरगळ स्वच्छ धुऊन लिंबाखाली ओळीने उभे केलेले! ट्रॉलीत होते ते वेगळेच पाच.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष फौजेतून रिटायर झालेले सुभेदार आहेत. ते शांतपणे म्हणाले, "आवं मॅडम, तुमच्या यादीतला एक बी भरावाला घेतला न्हाई. हे यादीत न्हाईत, म्हून भरावाला काढलं."

माझं भाषण तिथेच संपलं... कारण नोंदीला आले होते तेव्हा त्या पाचांवरचं कोरीवकाम झिजलेलं म्हणून, ऊन डोक्यावर आलेलं असताना, मीच फॉर्मवर शेरा मारला होता, 'अस्पष्ट, नोंद नको'.

लाज वाटली. पण लाजून दगड वाचत नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर सांगून टाकलं की चूक माझी आहे. हेही वीरगळच आहेत, फक्त पावसापाण्याने चेहरे गेलेत. गवंडी खोळंबले होते, कमिटीतले दोघं-तिघं कुरकुरत होते की आता भराव कुठून आणायचा.

सुभेदार ट्रॉलीपाशी गेले आणि एका दगडावर हात ठेवला. मग म्हणाले, "वळख पटली न्हाई म्हून फौजेत आमी कुनाला मागं टाकून आलो न्हाई कवा. उतरवा समदे."

बस्स. कुरकुर करणाऱ्यांनीच पहिला दगड उचलला.

दुपारभर आरशाने तिरका उजेड पाडून, म्हणजे झिजलेल्या रेघाही सावलीने उठून दिसतात, एकेक दगड पाहिला. एकावर ढाल दिसली, एकावर घोड्याचे पाय. दोन दगडांवर काहीच दिसलं नाही... त्यांचीही मापं घेतली, फोटो काढले, नोंद केली.

घरी आल्यावर जुने फॉर्म काढून बसले. माझ्या त्या शेऱ्याचे आणखी सहा गावांत दगड आहेत, फलटणच्या बाजूलाही आहेत. सहाही गावांत मी पुन्हा जाणार आहे, एकटीला जावं लागलं तरी.

सुभेदार, तुमचे आभार कसे मानू... आपलं काम नक्की कोणासाठी आहे, हे इतकी वर्षं फिरून मला कळलं नव्हतं.