हॉर्न वाजवून पुढे जाईन

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत मी नापास झाले, आणि तेही पुस्तकाचं एक पान न उलटता, ऐटीत जाऊन. वय त्रेसष्ट. पोट्टीच होते म्हणा, अक्कल यायची होती. त्या पोट्टीला वाटायचं, चाळीस वर्षं नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले, मग छोट्या गाडीत बाजूला बसले, आता रस्त्याचं शिकायचं राहिलं काय?

हौस म्हणून गेले नव्हते. यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडत नव्हती. शंकर नगरात व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आठवड्यातून चार दिवस आणा, खाडे झाले तर हा हात गेला समजा. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरून ऑटोनं न्यायचं तर यांना चढायला पाच मिनिटं लागत, आणि ऑटोवाल्याकडे पाच मिनिटं नसत. एकदा यांचा एक पाय खाली असतानाच त्यानं ऑटो हलवला. हे पडले. मग यांनी ऑटोचं नावच टाकलं. ड्रायव्हर ठेवला, तो तीन दिवस आला. गाडी दारात धूळ खात उभी, आणि खाडे सुरू.

परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या बाकावर दोन तास बसून कंबर धरली, तेव्हा कुठे नंबर लागला. कॉम्प्युटरनं विचारलं, झेब्रा क्रॉसिंगवर माणसं आहेत, तुम्ही काय कराल? मी डोळे मिटून आठवलं, हे काय करतात? आणि बटण दाबलं: हॉर्न वाजवून पुढे जाईन. पिवळा दिवा लागला? वेग वाढवीन. अरुंद पुलावर समोरून गाडी आली? तिच्या आधी निघून जाईन. सगळी उत्तरं अगदी प्रामाणिक. पंधरापैकी चार बरोबर आली, ती कशी आली देव जाणे.

खिडकीतली पोरगी हसू दाबत म्हणाली, "दादी, ये सब सिखाया किसने?"

"तेरे दादाजी ने. चालीस साल लगे."

"तो उनका लाइसेंस कैसे बना?"

ते मलाही कधी कळलं नाही. आठ दिवसांनी परत या म्हणाली.

घरी आले तेव्हा चपला काढायचंही त्राण नव्हतं.

"झालं?" यांनी विचारलं.

"नापास. तुमच्या पायी."

सगळं ऐकून हे हसले, आणि डाव्या हातानं तोंडाचा ओघळ पुसत म्हणाले, "मंग पुस्तक काहून नाही वाचलं?"

"तुम्ही वाचलं होतं?"

यांनी डाव्या हातानं पुस्तक जवळ ओढलं.

पुढचे आठ दिवस रोज दुपारी हे पुस्तकातून प्रश्न विचारत आणि मी पेंगत उत्तरं देई. मधेच हे एखाद्या पानावर बराच वेळ थांबत. "असं असते काय?" असं स्वतःशीच पुटपुटलेलं मी न ऐकल्यासारखं करी.

पास झाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या दीदीनं महिनाभर माझ्यावर ओरडून घसा बसवून घेतला. लर्निंगवाल्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो. तो घरात होताच, एका हाताचा का असेना.

पहिल्या दिवशी निघालो तेच उशिरा. डॉक्टरीणबाई अकराला दवाखाना बंद करतात, आणि अकराला दहा मिनिटं उरलेली. शंकर नगरच्या अलीकडे झेब्रावर एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उतरली. दोन पावलं टाके, थांबे, परत दोन टाके. मी थांबले. मागून हॉर्नचा कल्ला. माझा अंगठाही आपोआप हॉर्नवर गेला. नुसतं शेजारी बसूनसुद्धा सवय लागते माणसाला.

यांनी डावा हात आडवा घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "नको वाजवू. जाऊ दे तिले सावकाश. मले ऑटोत चढाले किती वेळ लागे, पाहिलं ना तू?"