ताईचं पहिलं नको

माझी थोरली बहीण फुआतिनो मांगेरे या उपनगरातल्या आमच्या सामोअन चर्चमध्ये गाणं बसवते. पण वजन दीडशे किलोच्या वर गेलं, गुडघ्यांनी दगा दिला आणि तीन वर्षं ती खुर्चीत बसूनच हात हलवतेय. पोट लहान करायच्या ऑपरेशनआधी फक्त मनाची तपासणी उरली होती. मानसतज्ज्ञ रोवेनाबाईंनी सही केली की ताई पुन्हा उभी राहून सगळ्यांकडून गाऊन घेणार, या विचाराने मी सकाळपासून हवेत होते.

आणि ही बया निघताना मांडीवर भलंमोठं पातेलं घेऊन गाडीत बसली. नारळाच्या दुधातला तारो, म्हणजे आमचे अळूचे कंद, वर डुकराचं मटण.

"अगं, वजनाच्या ऑपरेशनच्या तपासणीला जेवण?"

"मग रिकाम्या हाताने जाऊ? आईने हेच शिकवलंय का?"

तिथे ताईने घोकलेली उत्तरं धडाधड म्हणून टाकली. मी कमीच खाते. कुणी वाढलं तर नको म्हणते. रोवेनाबाई सगळं लिहून घेत होत्या. शेवटी ताईने पातेलं पुढे सरकवलं.

"पेशंटकडून मला काही घेता येत नाही हो," बाई म्हणाल्या. ताईचा चेहरा पडला. "काय वाटलं आत्ता?"

"राग आला. तुम्ही मलाच नको म्हणालात."

"आणि रविवारी तुमच्यापुढे ताट आलं की?"

ताईने पातेलं मागे ओढलं. मग रडायलाच लागली. "खोटं बोलले मी. चर्चमध्ये चौघींनी वाढलं तर चारही ताटं संपवते. त्यांना वाईट वाटेल ना."

झालं, बोंबललं सगळं, असं मला वाटलं.

"आता खरं बोललात," बाई म्हणाल्या. "रविवारी एकीला तरी नको म्हणा आणि बुधवारी या. मग सही करते."

रविवारी प्रार्थनेनंतर जेवणं सुरू झाली. पहाटेपासून राबले होते मी. सवयीने ताट गच्च भरलं आणि ताईपुढे ठेवलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको गं. पोट भरलंय माझं."

खरं सांगते, मला झोंबलं. एवढी शहाणी झालीस का, हे अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिने ताट माझ्याकडे परत सरकवलं, तेव्हा कळलं की बाईंनी मागितलेलं नको ते हेच, आणि माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

मागून तिघीजणी ताटं घेऊन येतच होत्या. मी मध्ये उभी राहिले.

"ताईला वाढू नका," मी म्हटलं, "तिला उभं राहायचंय."