वालाच्या डब्यातली मेमरी

गेल्या वर्षी आमच्या घरच्या संगणकाची अर्धी मेमरी कित्येक महिने वालाच्या डब्यात होती. ती तिथे मीच ठेवली होती, आणि चांगला विचार करून ठेवली होती!

मी पेणला रामवाडीत राहतो आणि रोज गाडीने रोह्याला जातो. तिथे एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. आमच्या प्लँटमध्ये प्रत्येक पंपाला जोडीदार असतो. एक चालू, एक स्टँडबाय. चालू पंप बंद पडला की दुसरा सुरू करायचा. दोन्ही एकदम सुरू करणाऱ्याला साहेब पुढचा महिनाभर सोडत नाहीत. नोकरीतली सगळी वर्षं हेच केल्यामुळे ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी चपलासुद्धा दोन जोड घेतो. (दुसरा जोड अजून खोक्यात आहे.)

संगणक घेतला होता माझ्या बायकोसाठी, सुनीतासाठी. ती आणि रोह्याची माझी थोरली बहीण, आमची ताई, दोघी मिळून पोह्याचे पापड करून विकतात. पापड असा की तोंडात असेपर्यंत माणूस भांडू शकत नाही. ऑर्डरी, फोटो, दर, सगळं सुनीता एकटी संगणकावर सांभाळते. तो कुंथायला लागला तेव्हा मी मोठ्या रुबाबात दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, घरच्या रोजच्या कामाला आठ जीबी रॅम, म्हणजे मेमरी, पाहिजेच. चारात भागतं, पण रडतखडत. सोळा घेतलीत तर चैन. मग चार-चारच्या दोन पट्ट्या माझ्या हातात ठेवून म्हणाला, संगणक घेऊन या, बसवून देतो. मला हसूच आलं. एवढाले पंप खोलणारा मी, बोटभर पट्टी बसवायला दुसऱ्याचे पाय धरू?

घरी येऊन जुनी दोन जीबीची पट्टी काढली, नवी एक बसवली. आणि दुसरी? अर्थातच स्टँडबाय! स्पेअर पार्ट कोरड्या जागी ठेवावा, हा आमचा नियम. पेणच्या दमट हवेत आमच्या घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे कडव्या वालांचा घट्ट झाकणाचा डबा. ताईच्या शेतातले ते ठेवणीतले वाल, सुनीता सहसा त्यांना हात लावत नाही. पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळाशी खुपसली आणि निश्चिंत झालो.

संगणक पूर्वीपेक्षा बरा चालायला लागला, त्यामुळे मी कासू स्टेशन येईपर्यंत गाडीत सगळ्यांना मेमरीवर व्याख्यान दिलं. पण सुनीताने दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की तो बसकण मारायचा. मी टेबलफॅन आणून त्याच्या तोंडासमोर लावला. दुपारी त्याला विश्रांती द्यायची असा हुकूम काढला. शेवटी सगळा दोष सुनीतावर टाकला, की तू एकदम इतकं उघडतेस कशाला? (स्टँडबाय पट्टी का नाही लावली, असं तुम्ही विचाराल. अहो, चालू पट्टी बंद कुठे पडली होती? हळू होती फक्त!)

पुढे ठाण्याच्या एका दुकानाने व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगितलं. सुनीताने दरपत्रक उघडलं मात्र, संगणक जागच्या जागी थिजला. तिकडे ठाण्यात तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून किती वेळ लटकत होता देव जाणे. त्या दुकानाने परत फोन केला नाही. त्या दिवशी सुनीता रात्रीपर्यंत नुसती पापड लाटत बसली. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग पुण्याच्या एका मोठ्या दुकानाच्या बाईंचा निरोप आला. दिवाळीचा माल कुणाकडून घ्यायचा ते त्या कॉलवरच ठरवणार होत्या. हा कॉल फसला तर दोघींची दिवाळी गल्लीतल्या गिऱ्हाइकांवरच जाणार होती. ताई सकाळच्याच गाडीने पेणला आली. मी सुट्टी घेतली आणि फॅन धरून उभा राहिलो.

आणि त्या दिवशी मी माझ्या बायकोला पहिल्यांदा नीट पाहिलं. एका शेगडीवर अख्खं जेवण रांधावं तसा तिने तो संगणक चालवला. फोटो उघडला, दाखवला, बंद केला. मग दरपत्रक. ते उघडायला वेळ लागतोय म्हटल्यावर गच्चीवर पापड कसे वाळवतो ते अशा रंगात सांगितलं की पुण्याच्या बाई ऐकतच राहिल्या. मधेच चित्र अडखळलं, तर ताईने माइकजवळ तळलेला पापड मोडला. तो कुरकुरीत आवाज पुण्यापर्यंत पोचला! दोघींनी काही ठरवलं नव्हतं, पण एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. माझ्या प्लँटमध्ये असे दोन ऑपरेटर असते तर साहेब निर्धास्तपणे काशीला गेले असते.

बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडचे कडवे वालही दाखवा ना. सुनीताने मला डबा आणायला सांगितला. मी तत्परतेने आणला. तिने कॅमेऱ्यासमोर सूप धरलं आणि डबा त्यात उपडा केला. वालांच्या ढिगावर, शेवटी, टप्पकन पिशवी पडली.

ताईने ती उचलून थेट कॅमेऱ्यासमोर धरली. "ह्यो कसला वाल गो, सुनीता?"

"अहो, ती रॅमची पट्टी आहे!" पुण्याच्या बाई म्हणाल्या. "वालात काय करतेय?"

माझ्या हातातला फॅन छताकडे वळला. सुनीताने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एका क्षणात सगळा हिशोब तिच्या डोळ्यांत जुळला. मी धरणीमाते पोटात घे म्हणायच्या तयारीत होतो.

ती मात्र कॅमेऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "ती आमच्या ह्यांची. मालाबरोबर येणार नाही. वाल आम्ही दोनदा निवडून मगच पाठवतो."

पुण्याच्या बाई इतक्या हसल्या की त्यांचंच चित्र हललं. मेमरी वालात ठेवून एवढं चालवता, तर दिवाळीही चालवाल, असं म्हणत त्यांनी पापडांबरोबर वालांचीही ऑर्डर दिली. ताईने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला, तोसुद्धा पुण्याला दिसला असणार.

त्याच दुपारी दुसरी पट्टी बसवली, सुनीतानेच. संगणक असा पळायला लागला की मलाच त्याची लाज वाटली. घरच्या कामाला आठ पुरतात, अट एवढीच की आठही संगणकात असावेत.

दिवाळीच्या ऑर्डरीसाठी दोघी पापड लाटायला बसल्या तेव्हा मी मोठ्या मनाने म्हटलं, "मीही लाटू लागतो."

सुनीता मान वर न करता म्हणाली, "दोन चालू आहेत. तुम्ही स्टँडबाय."

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात वालाच्या डब्याशेजारी बसून असतो. अजून मला कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं नाही, एवढंच.